बारावीनंतर इंजिनिअरिंग: कॅपचा फॉर्म आणि फीची सोय एकत्रच कशी करायची

दरवर्षी जून-जुलैत माझ्याकडे बारावीची मुलं आणि त्यांचे आईवडील फॉर्मची कामं घेऊन येतात. निम्म्यांची फाईल चाळली की कळतं, हे दोन महिने आधी यायला हवे होते. समज सगळ्यांचा एकच: आधी प्रवेश घेऊ, स्कॉलरशिपचं मग बघू. घोटाळा इथेच होतो. फी माफ होणार की नाही हे ठरतं दाखल्यावरच्या तारखेवर, प्रवेश कुठल्या दाराने घेतला त्यावर आणि पैसे कुठल्या खात्यात येणार त्यावर. या तिन्ही गोष्टी प्रवेशाच्या आधीच्या आहेत.

खाली लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या सीईटी (प्रवेश परीक्षा) कक्षाच्या कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांसाठी. फार्मसीवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल. तारखा दिलेल्या नाहीत, त्या दरवर्षी हलतात. त्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरच बघा, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत नको.

टप्पा 1: आपल्याला कुठली सवलत लागू आहे ते आधी लिहून काढा

एक कोरा कागद घ्या. प्रवर्ग, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न (आई आणि वडील दोघांचं मिळून), मुलगा की मुलगी, आणि याआधी घरातल्या किती मुलांनी हीच योजना घेतली, एवढं लिहा. मग खालच्यातलं आपलं काय ते शोधा.

खुला प्रवर्ग, उत्पन्न 8 लाखांच्या आत: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे ईबीसी म्हणतात. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम मिळते. एका कुटुंबातल्या दोनच मुलांना.

मुलगी, उत्पन्न 8 लाखांच्या आत: 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ आहे.

ओबीसी मुलगा: शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण.

अनुसूचित जाती आणि जमाती: उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यात निर्वाह भत्ताही येतो. त्याच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण आणि परीक्षा शुल्क.

याशिवाय टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम. ही शिष्यवृत्ती नाही, ही जागाच वेगळी आहे. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या 5 टक्के जादा जागा असतात, 8 लाखांच्या आतल्या कोणालाही मागता येतात आणि शिक्षण शुल्क लागत नाही. कटऑफ मात्र चढा लागतो.

इथे नेहमीचा गोंधळ ईडब्ल्यूएस आणि ईबीसीचा. ईडब्ल्यूएस दाखल्याने 10 टक्के आरक्षणातली जागा मिळते. ईबीसी ही फीची योजना आहे, तिला उत्पन्नाचा दाखला लागतो. "ईडब्ल्यूएस निघाला नाही म्हणून स्कॉलरशिप गेली" असं समजून फॉर्मच न भरलेली मुलं मी पाहिली आहेत.

टप्पा 2: दाखले काढा, पण योग्य महिन्यात

सगळे दाखले एकदम काढायला जाऊ नका. काहींना मुदत नसते, ते आधीच काढून ठेवा. काही आर्थिक वर्षाला बांधलेले असतात, ते 1 एप्रिलनंतरच काढा.

अकरावीत किंवा बारावीच्या सुरुवातीला: जातीचा दाखला, वय-अधिवास-राष्ट्रीयत्व (डोमिसाइल), आणि जात पडताळणीचा अर्ज. बारावी सायन्सच्या मुलांचा पडताळणीचा प्रस्ताव कॉलेजमार्फत समितीकडे जातो. समिती वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने शाळेचे निर्गम उतारे, कोतवाल बुक नक्कल असे पुरावे मागते. आजोबांच्या शाळेचा उतारा दुसऱ्या तालुक्यात असेल तर नुसता तो मिळवायलाच महिना जातो. कधी कधी शासन पावतीवर प्रवेश देऊन मुदतवाढ देतं. त्या भरवशावर बसलेल्यांची ऑक्टोबरातली धावपळ बघवत नाही.

1 एप्रिलनंतर: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर (मागास प्रवर्गातलं कुटुंब उन्नत गटात मोडत नाही याचा दाखला), ईडब्ल्यूएस. आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करा, टोकनाची पावती जपून ठेवा.

> सावधान: जानेवारीत काढलेलं नॉन-क्रिमिलेअर बहुतेक वेळा त्याच 31 मार्चला संपतं. प्रवेशाला मात्र पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं. 2026-27 च्या प्रवेशासाठी 31 मार्च 2027 ही तारीख दाखल्यावर दिसली पाहिजे. दाखला हातात पडला की तिथेच काउंटरवर ती ओळ वाचा.

> सावधान: ईडब्ल्यूएसचे दोन नमुने आहेत. आयआयटी-एनआयटीसाठी केंद्राचा, कॅपसाठी राज्याचा. केंद्राचा नमुना घेऊन आलेला अर्ज छाननीत खुल्या प्रवर्गात जातो.

नॉन-क्रिमिलेअर आहे म्हणून उत्पन्नाचा दाखला काढलाच नाही, ही चूक ओबीसीच्या घरांत हमखास होते. दोन्ही लागतात.

टप्पा 3: नाव, आधार आणि बँक खातं

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आहे, आणि पैसे अडकतात ते बहुतांश इथेच.

दहावीचं गुणपत्रक, बारावीचं गुणपत्रक, आधार, जातीचा दाखला आणि बँक पासबुक एका ओळीत टेबलावर मांडा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख ही इंग्रजी स्पेलिंगसकट अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दहावीचं गुणपत्रक हे मूळ धरा आणि बाकीचे त्याच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. एका मुलाच्या आधारवर वडिलांचं नाव 'रामा' होतं, दहावीला 'रामचंद्र'. घरात ही दोन्ही नावं एकाच माणसाची. संगणकाला ती दोन माणसं वाटली.

आधारचं पाहायच्या गोष्टी दोन. पंधराव्या वर्षानंतर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने द्यावी लागते. ती राहिली असेल तर आधी करून घ्या. आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा, कारण महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर) ओटीपी त्याच नंबरवर येतो. बंद पडलेल्या जुन्या सिमला नाही.

आता खातं. बँकेतला माणूस म्हणतो, "आधार लिंक आहे." ते केवायसीपुरतं असतं. सरकारी पैसे येण्यासाठी खातं एनपीसीआयच्या (बँकांमधली पैशांची देवाणघेवाण चालवणारी संस्था) यादीत तुमच्या आधारशी जोडलेलं लागतं, त्याला सीडिंग म्हणतात. एका आधारला एका वेळी एकच खातं सीड होतं. महाडीबीटी तुम्ही फॉर्मात लिहिलेला खाते क्रमांक पाहत नाही, सीड झालेल्या खात्यात पैसे टाकते. शाळेत असताना आईने कुठल्याशा योजनेसाठी उघडलेलं खातं सीड राहिलेलं असतं, ते पुढे बंद पडतं आणि पैसे परत जातात.

> तपासा: माय-आधार संकेतस्थळावर ओटीपीने आत जा आणि 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. बँकेचं नाव आणि पुढे 'ॲक्टिव्ह' दिसलं पाहिजे. दुसरीच बँक दिसली तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा अर्ज द्या, चार-आठ दिवसांनी पुन्हा बघा.

खातं कागदपत्रं पूर्ण न घेता उघडलेलं 'स्मॉल अकाउंट' असेल तर त्यात वर्षभरात एक लाखाच्या वर जमा होत नाही. पूर्ण केवायसी करून ते साधं बचत खातं करून घ्या.

टप्पा 4: कॅपची नोंदणी आणि छाननी

सीईटी दिली म्हणजे कॅपमध्ये नाव लागलं असं नाही. निकालानंतर कॅपची नोंदणी वेगळी करावी लागते. दरवर्षी एखादा तरी पठ्ठ्या 95 पर्सेंटाइल घेऊन घरी बसलेला सापडतो, कारण त्याला वाटलं होतं की कॉलेज आपोआप लागतं.

नोंदणीत विचार करून भरायची जागा म्हणजे उमेदवारीचा प्रकार आणि गृह विद्यापीठ. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि डोमिसाइल महाराष्ट्राचं असेल तर 'ए'. दहावी गोव्यात, बेळगावात किंवा दिल्लीत झाली असेल तर इतर प्रकार वाचूनच निवडा. आईवडिलांच्या डोमिसाइलवरही पात्रता मिळू शकते. गृह विद्यापीठ ठरतं बारावी कुठून पास झाला त्यावर. पुण्याचा मुलगा बारावी लातूरहून झाला तर त्याचं गृह विद्यापीठ नांदेडचं. कटऑफ बघताना हे डोक्यात नसेल तर सगळा हिशोब चुकतो.

छाननी घरबसल्या ई-स्क्रुटिनीने किंवा सुविधा केंद्रावर जाऊन करता येते. पहिल्यांदाच भरणाऱ्यांना मी केंद्रावर जायला सांगतो. समोर बसलेला माणूस चूक तिथल्या तिथे सांगतो. ई-स्क्रुटिनी घेतलीत तर रोज लॉगिन उघडा. अर्ज त्रुटी दाखवून परत आला आणि तो मुदतीत दुरुस्त केला नाही, तर गुणवत्ता यादीत नावच येत नाही.

टीएफडब्ल्यूएस हवं असेल तर नोंदणीतच 'होय' म्हणा आणि उत्पन्नाचा दाखला जोडा. नंतर आठवून उपयोग नाही.

> तपासा: तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की क्रमांक किती आला हे पाहण्याआधी प्रवर्ग, गृह विद्यापीठ, टीएफडब्ल्यूएस आणि ईडब्ल्यूएसचे रकाने पाहा. तक्रारीला दोन-तीन दिवसच मिळतात. अंतिम यादीनंतर काही हलत नाही.

टप्पा 5: पर्याय फॉर्म

हा फॉर्म म्हणजे आपल्याला हव्या त्या कॉलेज-शाखांची क्रमवार यादी. इथे सावकाश बसा. दोन संध्याकाळी तरी लागतात.

आधी मागच्या वर्षीचे कटऑफ उतरवा. त्या तक्त्यातल्या सांकेतिक अक्षरांना घाबरू नका: सुरुवातीचं 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे मुलींच्या जागा, मधे प्रवर्ग, शेवटचं 'एच' म्हणजे गृह विद्यापीठ, 'ओ' म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरचे, 'एस' म्हणजे राज्यस्तर. मुलीने नुसता 'जी'चा रकाना पाहून "आपल्याला नाही लागणार" म्हणू नये.

मग प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे फी लिहा. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर असते. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगळं दाखवलेलं असतं. ही दोन रकमांची फोड महत्त्वाची, कारण माफी शिक्षण शुल्काला आहे. समजा फी 1,20,000, त्यात शिक्षण शुल्क 1,08,000 आणि विकास शुल्क 12,000. ईबीसीतला मुलगा 54,000 अधिक 12,000, म्हणजे 66,000 भरणार. टीएफडब्ल्यूएसवाला किंवा पूर्ण माफीतली मुलगी 12,000. वर वसतिगृह, मेस, पुस्तकं. "फी फुकट" ऐकून आलेल्या पालकांचा चेहरा या 12,000 ला उतरतो, म्हणून घरीच ही बेरीज करा.

आता क्रम. संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जे पहिलं मिळू शकतं ते देतो. खाली जास्त पर्याय टाकल्याने वरचं मिळण्याची शक्यता कमी होत नाही. म्हणून क्रम आवडीचा लावा. "हे मला मिळेल" म्हणून साधं कॉलेज वर टाकलं की तेच मिळतं.

टीएफडब्ल्यूएसचा पर्याय स्वतंत्र टाकावा लागतो, आणि त्याच कॉलेजच्या त्याच शाखेच्या साध्या पर्यायाच्या वर. खाली टाकलात तर साधी जागा आधी लागेल आणि फीमाफीची जागा बघायची पाळीच येणार नाही. फॉर्ममधली मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक हीच.

> सावधान: 2025-26 पासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनातला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहातला लागला, तर ती जागा घेणं सक्तीचं; पुढच्या फेऱ्या बंद. नको असलेलं कॉलेज 'बघू तरी' म्हणून वर टाकू नका. भरायच्या आधी चालू वर्षाची माहितीपुस्तिका वाचून हा नियम तोच आहे ना ते पाहा.

फॉर्म भरून झाल्यावर 'कन्फर्म' करावा लागतो. नुसता सेव्ह केलेला फॉर्म धरला जात नाही. कन्फर्म झाल्यावरची प्रत छापा आणि फाईलला लावा.

घाई करून जूनमध्येच मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेणाऱ्यांना एक सांगणं: ईबीसी आणि मुलींची फीमाफी कॅपमधून मिळालेल्या प्रवेशाला आहे. संस्था स्तरावर घेतलेल्या जागेला ती मिळत नाही, मग उत्पन्न कितीही कमी असो. चार वर्षांचा हिशोब करून मगच सही करा.

टप्पा 6: जागा लागल्यावर

जागा सक्तीची नसेल तर दोन वाटा: हीच पक्की करायची, किंवा ती हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायाची वाट बघायची. दुसरी वाट धरलीत आणि वरचा पर्याय लागला, की आधीची जागा आपोआप जाते. परत मागता येत नाही.

कॉलेजात जाताना मूळ कागदपत्रं, झेरॉक्सचे तीन संच, फोटो आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. ईबीसीत पात्र मुलाकडून निम्मंच शिक्षण शुल्क घ्यायचं असतं, आणि पात्र मुलीकडून माफ होणारी रक्कम आधी मागायची नाही अशा सूचना कॉलेजांना आहेत. तरी एका कॉलेजच्या खिडकीवर मला स्वतःला ऐकवलं गेलं, "आधी पूर्ण भरा, शासनाचे आले की परत देऊ." अशा वेळी भांडू नका. पात्रतेचा दाखला जोडून प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा आणि आवक शिक्क्याची प्रत घ्या. आमचं काम त्या शिक्क्यावर अर्ध्या तासात झालं.

पावती शीर्षकवार घ्या: शिक्षण, विकास, परीक्षा, अनामत. एकरकमी आकडा लिहिलेली पावती शिष्यवृत्तीला आणि कर्जालाही निरुपयोगी.

पुढे प्रवेश रद्द करायची वेळ आली तर मुदतीच्या आत करा. तेव्हा जास्तीत जास्त 1,000 रुपये कापून बाकी फी परत मिळते. मुदतीनंतर अनामत सोडली तर हातात काही येत नाही.

टप्पा 7: महाडीबीटी

कॉलेजने आपोआप भरला असेल असं समजू नका. हा अर्ज विद्यार्थ्याने स्वतःच्या लॉगिनने भरायचा असतो.

आधार ओटीपीने नोंदणी करा. युजरनेम आणि पासवर्ड वहीत लिहा. सायबर कॅफेवाल्याच्या मोबाईलवर काढलेलं लॉगिन पुढच्या वर्षी सापडत नाही. प्रोफाइलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्याचा बारकोड क्रमांक टाकला की माहिती आपसूक उतरते. सध्याच्या अभ्यासक्रमाच्या पानावर कॉलेज, शाखा आणि वर्ष नीट निवडा. 'प्रवेशाचा प्रकार' मध्ये कॅप निवडा आणि कॅपचा अर्ज क्रमांक टाका. चुकून नॉन-कॅप निवडलं तर आपली योजना यादीत दिसतच नाही, आणि मुलं म्हणतात "साइटवर स्कीमच नाही."

वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहणार असाल तर निर्वाहाच्या योजना वेगळ्या आहेत: खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत कामगारांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अनुसूचित जातीच्या, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार. आदिवासी मुलांसाठी स्वयंम. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारची रक्कम मुंबई-पुणे-नागपुरात वर्षाला 60,000 पर्यंत जाते. फीच्या नादात या योजनांकडे कोणी बघत नाही.

मुलींनी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) प्रगती शिष्यवृत्तीही पाहावी: वर्षाला 50,000, कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत, उत्पन्न 8 लाखांच्या आत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. दुसरी शिष्यवृत्ती चालू असेल तर अटी आधी वाचा.

> तपासा: सबमिट केल्यावर प्रत कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात नेऊन द्या. अर्ज आधी कारकुनाच्या, मग प्राचार्यांच्या लॉगिनमधून शासनाकडे जातो. दर पंधरा दिवसांनी स्थिती पाहा. अर्ज परत आला असेल तर कारण तिथेच लिहिलेलं असतं.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठी जादा सूचना: केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फीची रक्कम कॉलेजला भरायची असते. ते पैसे घरखर्चात गेले तर कॉलेज पुढे निकाल आणि टीसीला आडकाठी करतं.

टप्पा 8: उरलेल्या रकमेचं कर्ज

कर्ज शेवटी, आणि माफी वजा जाऊन जे उरतं तेवढंच. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करा, मग छापील प्रत घेऊन शाखेत जा. प्रवेशपत्र, चार वर्षांच्या फीचं कॉलेजचं पत्र, उत्पन्नाचा दाखला आणि सहकर्जदार पालकाची कागदपत्रं लागतात. वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर ते बँकेला दिसतंच. लपवू नका, आईला सहकर्जदार करता येईल का ते विचारा.

4 लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत हमी योजनेत तारणाशिवाय मिळतं. हप्ते शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर या काळातलं व्याज सरकार भरतं, मात्र ते बँकेकडे वेगळं मागावं लागतं. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मीत 8 लाखांच्या आतल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत आहे. कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी पाहा.

शाखा तोंडी नाही म्हणाली तर नकार कारणासह लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा फाईल पुन्हा उघडली जाते.

टप्पा 9: दुसऱ्या वर्षी

महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. पहिल्या वर्षी मंजूर झाला म्हणून दुसऱ्या वर्षी पोर्टलकडे न फिरकलेली मुलं तिसऱ्या वर्षी फीच्या थकबाकीची नोटीस घेऊन येतात. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत बघा, नवा लागत असेल तर एप्रिलमध्येच काढा. सीडिंग पुन्हा तपासा, कारण मधल्या काळात मुलाने कॉलेजजवळ नवं खातं उघडलेलं असतं. आणि हजेरी भरा. ईबीसीला निदान 50 टक्के हजेरी लागते, आणि ती कमी भरली तर कॉलेज नूतनीकरणाचा अर्ज पुढे पाठवत नाही.